बाहेरकाठा कोणाच्या खात्यात?

पनवेल, उरण आणि पेण तालुक्यांच्या खारेपाटात शेतीची सुरुवात नांगरापासून होत नाही. ती बांधापासून होते. भरतीचे पाणी अडवणारा समुद्राकडचा मोठा बांध म्हणजे बाहेरकाठा. तो उभा असेल तर आतली जमीन शेत, आणि तो फुटला तर तीच जमीन खाजण. बांधातल्या उघाडीच्या दारातून पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर पडते. भरती आली की दार मिटते आणि खारे पाणी बाहेरच राहते. नव्याने अडवलेल्या जमिनीतले मीठ धुऊन जाण्यास काही पावसाळे लागतात, आणि मगच तेथे भात उभे राहते. आगरी आणि कोळी कुटुंबांनी काळा राता, भुरा राता यांसारखे खारेपणा सोसणारे भात याच जमिनीत जपले. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने, म्हणजे आज दापोलीच्या कृषी विद्यापीठाखाली असलेल्या केंद्राने, पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले. मातीचे रक्षण म्हणजे काय, हे या भागातील माणसाला कोणी बाहेरून येऊन सांगण्याची गरज कधी पडली नाही. माती राखली नाही तर वर्षभराचे भात जाते, एवढे ज्ञान त्याला पुरेसे होते.

अलीकडच्या दहा-पंधरा वर्षांत मातीविषयीची आस्था एका अगदी निराळ्या ठिकाणी प्रकट होऊ लागली आहे. अन्न, कापड आणि शीतपेये विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत मातीचे आरोग्य, पुनरुज्जीवक शेती, जबाबदार पुरवठा साखळी हे शब्द गुळगुळीत कागदावर छापून येतात. त्यांच्यामागे मानकांची एक विस्तृत यंत्रणा उभी आहे. कापसासाठी बेटर कॉटन आहे, उसासाठी बॉन्सुक्रो आहे, आणि भातासाठी सस्टेनेबल राइस प्लॅटफॉर्म आहे. हे शेवटचे व्यासपीठ संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था यांच्या पुढाकाराने २०११ मध्ये स्थापन झाले. त्याच्या मानकात आठ विषयांखाली ४१ अपेक्षा मांडलेल्या आहेत आणि शेतकऱ्याने त्या कितपत पाळल्या यावर त्याला गुण मिळतात. जमीन सपाट केली का, बियाणे शुद्ध होते का, खत किती टाकले, पेंढा जाळला का, अशी ही परीक्षा आहे. जमिनीत क्षार आणि जड धातू सुरक्षित मर्यादेत आहेत का, हेही त्यात विचारलेले आहे.

या शेवटच्या प्रश्नापाशी पनवेलच्या वाचकाने क्षणभर थांबावे. कारण क्षार आणि जड धातू या दोन्ही गोष्टी या तालुक्यातील शेतकऱ्याच्या शेतात त्याने स्वतः आणलेल्या नाहीत.

क्षारांचे पाहू. उधाणाच्या भरतीत बाहेरकाठ्याला खांड जाते आणि एका रात्रीत कित्येक एकरांत खारे पाणी पसरते. ती खांड वेळेवर बुजवली नाही तर दुसऱ्या उधाणात ती रुंदावते. दोन-तीन वर्षे तशीच राहिली तर शेतात कांदळवन उगवते. कांदळवन ही स्वतः अमोल गोष्ट आहे, किनाऱ्याला तिचा आधार आहे, याविषयी दुमत नाही. परंतु २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या अंतिम निकालाने ती कायम झाली. तेव्हा सरकारी दिरंगाईमुळे ज्याच्या शेतात कांदळवन आले, त्याला ते हटवता येत नाही, तेथे भात लावता येत नाही, आणि सातबाऱ्यावरचे नाव तेवढे त्याचे उरते. पेण आणि अलिबागच्या खारेपाटात अशी शेते आज डोळ्यांनी पाहता येतात. तेथील शेतकऱ्याने खत कमी टाकले की जास्त, याचा त्या खारेपणाशी काडीइतकाही संबंध नाही.

जड धातूंची गोष्ट तळोज्याची आहे. औद्योगिक वसाहतीच्या कडेने कासाडी नदी वाहते आणि खाडीला मिळते. या नदीतील रासायनिक सांडपाण्याचा प्रश्न स्थानिक तक्रारींतून राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला आणि प्रदूषणाबद्दल रकमा भरण्याचे आदेशही निघाले. तरी देशाचे लक्ष तळोज्याकडे खऱ्या अर्थाने वेधले ते ऑगस्ट २०१७ मध्ये, जेव्हा वसाहतीतील भटकी कुत्री निळी झाली. कुत्र्यांची छायाचित्रे जगभर छापून आली, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने ज्या कारखान्यातून रंग बाहेर आला तो बंद करण्याचा आदेश दिला. माती निळी होत नाही, हे तिचे दुर्दैव. तिच्यात शिसे, क्रोमियम, कॅडमियम किती साठले हे डोळ्यांना दिसत नाही, आणि सरकारी तपासणीतही दिसत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पिकाला काय हवे ते त्यात आहे. कारखान्याने काय टाकले ते त्यात नाही.

म्हणजे शेतकऱ्याकडे मागितलेले उत्तर त्याच्याजवळ असूच शकत नाही. मानकाची नजर शेताच्या बांधापाशी थांबते आणि मातीचा नाश बांधापलीकडून येतो. ही चूक काही एखाद्या कारकुनाच्या विसराळूपणातून झालेली नाही. मालाचा खरेदीदार आणि मालाचा उत्पादक यांच्यातील व्यवहार हाच मानकाचा पाया आहे. त्या व्यवहारात जो पक्ष नाही तो तपासणीतही येत नाही. नदीत पाणी सोडणारा रंगाचा कारखाना भाताचा खरेदीदार नसतो. बाहेरकाठ्याच्या दुरुस्तीचा निधी न देणारे सरकार पुरवठा साखळीतील कडी नसते. उरतो तो एकटा शेतकरी, आणि त्याचे गुण कापणे सर्वांत सोपे असते.

जुन्या कोकणात ही व्यवस्था अपरिचित नव्हती. खारजमिनींवर शिलोत्री नावाची एक पद्धत होती. ज्याने समुद्र अडवून जमीन मिळवली तो शिलोत्रीदार. बाहेरचा बांध राखणे हे त्याचे काम, आणि त्याबद्दल कुळांकडून बिघ्यामागे मणभर भात घेणे हा त्याचा हक्क. सरकारचा सारा त्याहून वेगळा. आतले बांध कुळाने स्वतः राखायचे. पद्धत जाचक होती, पण तिच्यात एक हिशेब तरी उघड होता: भात घेतले आहे, तेव्हा बांध राखला पाहिजे. शिलोत्रीदाराने बांध सोडून दिला तर मणभर भात कशाबद्दल, हे कुळाला विचारता येत होते. खारेपाटातील कुळांना प्रश्न विचारण्याची सवय नव्हती असे कोणी म्हणू नये. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीचा संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला, आणि त्या काळात जमिनी पडीक राहिल्या तरी शेतकरी वाकले नाहीत. पुढे १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने आणि १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने बांधांची जबाबदारी क्रमाने सरकारकडे आली. गावाने एकत्र येऊन बांध राखण्याची जोळाची रीत या काळात मागे पडली. सरकारी खात्याने काम अंगावर घेतले, गावाने हात काढून घेतला, आणि अंदाजपत्रकात खारभूमीच्या वाट्याला तुकडे येऊ लागले. खांड गेली की अर्ज करायचा आणि निधीची वाट पाहायची, ही नवी रीत झाली. समुद्र मात्र वाट पाहत नाही.

आजच्या मानकाधारित व्यवहाराकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. मालावर शिक्का लावून कंपनी ग्राहकाकडून विश्वास मिळवते, भागधारकाकडून भांडवल मिळवते, बँकेकडून सवलतीचे कर्जही मिळवू शकते. हा तिचा मणभर भात. परंतु बाहेरकाठा तिच्या खात्यात नाही. शिलोत्रीदाराचा हक्क तिने घेतला आणि शिलोत्रीदाराचे काम कुळाच्या अंगावर टाकले, असेच म्हणावे लागते.

यावर असा आक्षेप येईल की पनवेलचे भात मुळात या जागतिक साखळीत फारसे जातच नाही. ते घरी खाल्ले जाते, व्यापाऱ्याला विकले जाते, किंवा आधारभूत किमतीच्या केंद्रावर जाते. आक्षेप खरा आहे. मात्र साखळी पनवेलमधूनच जाते. शेजारचे न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, आणि तेथून साखर, कापूस, तांदूळ जगभर रवाना होतो. हे बंदर, ही गोदामे, हे कंटेनरचे तळ ज्या भूमीवर उभे आहेत ती खारेपाटाची भातशेती होती. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नव्या मुंबईचा आराखडा पडला. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेल्या शेतकऱ्यांवर १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. जबाबदार शेतीचा शिक्का असलेली गासडी आज त्याच मातीवरून बोटीत चढते. तिच्या कागदपत्रांत कोठल्यातरी दूरच्या जिल्ह्यातील मातीची नोंद असते. ज्या मातीवर कंटेनर ठेवला आहे तिची नसते. भराव घालून बुजवलेली जमीन ही माती राहत नाही, ती भूखंड होते, आणि भूखंडाला कोणी आरोग्य विचारत नाही.

हा भराव अजून थांबलेला नाही. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावे हलली; डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. विमानतळाभोवतीच्या गावांसाठी २०१३ मध्ये नैना क्षेत्र जाहीर झाले तेव्हापासून तालुक्याच्या आतल्या भागातही भातखाचरांचे मोल पिकावर ठरेनासे झाले. एका शेतात भराव पडला की पाण्याची वाट तुंबते आणि शेजारचे शेत पाण्याखाली जाते. ज्याने विकले नाही त्याचीच शेती आधी बुडते. वीटभट्टीला माती विकणारा शेतकरीही याच कोंडीतून निर्माण होतो. त्याला दोष देण्यापूर्वी भाताचा हिशेब मांडावा. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २३६९ रुपये होती. या आकड्यात बाहेरकाठा राखण्याचा खर्च कोठे बसतो, हे कोणी सांगितलेले नाही.

तेव्हा मानके म्हणजे निव्वळ ढोंग, असा निष्कर्ष काढून मोकळे होण्याचा मोह कार्यकर्त्यांना पडेल. मोहाला आधारही आहे. मार्च २०२४ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातील ऊसतोड स्त्रियांची स्थिती प्रसिद्ध केली. उचलीच्या कर्जाखाली राबणाऱ्या आणि गर्भाशय काढून घेण्यास भाग पडलेल्या या स्त्रियांनी तोडलेल्या उसाची साखर जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांच्या साखळीत जात होती. वस्तुतः महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नव्हती. २०१९ मध्येच राज्य सरकारच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ स्त्रियांची पाहणी आली होती आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली होती. राज्याच्या कागदांत जे होते ते साखळीच्या कागदांत पोचले नाही. जिवंत बाई जिच्या नजरेतून सुटते त्या तपासणीला मातीतला क्रोमियम दिसेल, अशी अपेक्षा कोण करील?

तरीही मोह आवरावा. प्रथम, मानकांतील शास्त्र खोटे नाही. पेंढा जाळू नये, सेंद्रिय कर्ब वाढवावा, पाणी मोजून द्यावे, या गोष्टी योग्यच आहेत. रायगड जिल्ह्यात त्या परक्याही नाहीत. कर्जतजवळ नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र रूढ केले. त्यात चिखलणी आणि लावणी नाही, गादीवाफ्यावर भात टोकतात आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू देतात. त्यातील तणनाशकाच्या वापराविषयी मतभेद आहेत आणि ते असावेत. परंतु माती राखण्याचा हा प्रयोग कोणा खरेदीदाराच्या गुणपत्रिकेतून निघाला नाही, शेतातून निघाला. उलट बाहेरून आलेली गुणपत्रिका स्थानिक रीत समजून न घेता चालते तेव्हा काय होईल, हे राबाच्या उदाहरणावरून कळते. डोंगरकडेचा ठाकूर, कातकरी पालापाचोळा भाजून रोपासाठी वाफा तयार करतो. जाळणे म्हणजे दोष, एवढेच ज्याला ठाऊक आहे तो परीक्षक त्याचे गुण कापील. इंग्रज अमदानीत जंगल खात्याने राबावर डोळे वटारले होते; आता ते काम तपासनीस करील, एवढाच फरक.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मानकांमुळे कंपनीला काही गोष्टी लिहून द्याव्या लागतात, आणि लिहून दिलेली गोष्ट धरता येते. सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल देणे बंधनकारक आहे. पाणी किती घेतले, सांडपाणी कोठे सोडले, घातक कचरा किती निघाला, पर्यावरण कायद्यांखाली दंड झाला का, हे त्यात सांगावे लागते. पुढे २०२३ मध्ये सेबीने पहिल्या अडीचशे कंपन्यांच्या पुरवठा साखळीकडेही नजर वळवली, तेव्हा उद्योगजगतात कुरकूर सुरू झाली. मार्च २०२५ मध्ये ती तरतूद ऐच्छिक करण्यात आली. आणि ज्याच्याकडून कंपनीच्या खरेदीपैकी दोन टक्के वा अधिक माल येतो तोच साखळीतील भागीदार, अशी व्याख्या ठरली. दोन टक्के! एकरभर भात पिकवणारा माणूस या चाळणीतून किती वेळा खाली पडेल याची गणती करण्याचे कारण नाही. युरोपातही असेच घडले: कंपन्यांना साखळीतील हानीबद्दल जबाबदार धरणारा निर्देश २०२४ मध्ये संमत झाला आणि २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. जी गोष्ट निव्वळ ढोंग असते ती मागे घ्यायला भांडवलदार एवढी धडपड करीत नाहीत.

लढ्याची जागा येथे आहे, आणि ती मानकाच्या घटकाविषयी आहे. माती राखण्याचा घटक एकटे शेत नसून एका बाहेरकाठ्याआड येणारे सगळे खार हा असला पाहिजे. कृष्णाकाठी हे करून दाखवले गेले आहे. शिरोळ तालुक्यात अतिरिक्त पाण्याने आणि खतांनी उसाच्या जमिनी क्षारपड झाल्या तेव्हा एकट्यादुकट्या शेतकऱ्याला त्या सुधारणे शक्यच नव्हते; एकाच्या शेतातला निचरा दुसऱ्याच्या शेतातून गेल्याशिवाय ओढ्याला पोचत नाही. गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने तेथील श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र करून जमिनीखाली सच्छिद्र नळ्यांची निचरा व्यवस्था घातली आणि पडीक जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या. येथे खरेदीदार आणि मातीचा राखणदार एकच होता, कारण कारखाना शेतकऱ्यांचा होता. सहकाराच्या दोषांवर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण हा गुण खाजगी साखळीत आढळत नाही.

पनवेलमध्ये सहकारी कारखाना नाही, पण खार आहेत, गावे आहेत आणि खारभूमी खात्याचे कागद आहेत. प्रत्येक खारात बांधाची लांबी किती, उघाड्या किती, शेवटची दुरुस्ती कधी झाली, किती एकर खाऱ्या पाण्याखाली गेले, याची यादी गावागावांतून करणे कार्यकर्त्यांच्या आवाक्यातले काम आहे. त्या यादीत केवळ सातबाऱ्यावरचे मालक असता कामा नयेत. तोंडी बोलीने अर्धलीवर कसणारे आणि लावणी-कापणीला जाणाऱ्या बायकाही त्यात आल्या पाहिजेत, कारण शेत खारे झाले की त्यांच्या चुली आधी थंडावतात आणि भरपाई त्यांच्यापर्यंत पोचत नाही. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला असलेल्या शेतांची तपासणी बारा घटकांवर न थांबता जड धातूंपर्यंत नेण्याची मागणी कृषी खात्याकडे लेखी गेली पाहिजे, आणि तिचा खर्च सांडपाणी सोडणाऱ्यांकडून वसूल झाला पाहिजे. सेबीने ऐच्छिक केलेली तरतूद पुन्हा बंधनकारक व्हावी आणि दोन टक्क्यांची चाळण जावी, ही मागणी विधिमंडळात नव्हे, संसदेत मांडावी लागेल. तेथे आज समाजवादी बाकांवर किती माणसे आहेत हा प्रश्न बोचरा आहे, म्हणून मागणी सोडून द्यावी असे होत नाही.

एक काम मात्र उद्यापासून सुरू होऊ शकते. तळोज्यातील ज्या कारखान्यांच्या कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत आणि पहिल्या हजारांत येतात, त्यांचे शाश्वतता अहवाल उघड आहेत. कोणालाही पाहता येतात. ते इंग्रजीत असतात आणि कासाडीच्या काठावर ते कोणी वाचलेले नसतात. त्यांतील पाणी, सांडपाणी आणि दंड यांविषयीची पाने मराठीत आणून नदीकाठच्या ग्रामसभांत आणि वस्त्यांच्या बैठकांत वाचावीत. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या कोळ्याला खाडीत मासळी केव्हापासून कमी झाली ते तारीखवार ठाऊक असते. त्याने सांगितलेले वर्ष आणि अहवालात छापलेले वर्ष एकाच कागदावर उतरवून तो कागद प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी.